गोळी कशाबरोबर घेता?

(भंडारदरा इथे बचत गटांतल्या मैत्रिणी आणि आशा कार्यकर्त्या यांच्या आरोग्य शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



जेवणानंतरची वेळ मला दिलीय, म्हणजे तुम्हाला जागं ठेवायची जबाबदारी माझ्यावर आली. फळ्यावर विषय लिहिलाय, 'कोलेस्टेरॉलची गोळी आणि फळांचा रस'. तो वाचून मागच्या ओळीत कुणीतरी म्हणालं, "आमच्याकडं ज्यूस कोण पितंय?" मी ऐकलं बरं का! आणि प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे करवंदं, जांभळं, आंबा हंगामात पोटभर खायचा. फळ पिळून, गाळून, ग्लासात ओतून प्यायचं हे शहरातलं, नाहीतर आजारपणातलं. तरी हा विषय मी मागून घेतला. का, ते एका बाईची गोष्ट सांगते म्हणजे कळेल.

बाई पन्नाशी ओलांडलेली. नाव-गाव सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी तिच्या छातीत दुखलं. महात्मा फुले योजनेतून अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, घरी आली. रोजच्या गोळ्या लागल्या. त्यातली एक कोलेस्टेरॉलची. दर वर्षी हंगामाला ही बाई टोळीबरोबर द्राक्षाच्या बागेत मजुरीला जाते. दोन-तीन महिने तिकडेच मुक्काम. तर जायच्या आधी तिच्या भाच्याने कौतुकाने मोबाईलवर गोळीचं नाव टाकलं. इंग्रजीत माहिती आली, ती त्याने मोबाईलकडूनच मराठीत करून घेतली. मराठीत आलं, 'ही गोळी चालू असताना द्राक्षाचा रस घेऊ नये.'

आता बघा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत द्राक्षांत हात. गळालेले, फुटलेले मणी मजुरांनी खाल्ले तर मालक काही बोलत नाही. दुपारच्या भाकरीबरोबर कित्येकदा तेच कालवण. बागेत राहून द्राक्ष चुकवायचं कसं? बाईने सरळ हिशेब केला. द्राक्ष सुटत नाही, तर गोळी सोडू. हंगाम संपला की परत चालू करू.

परत आल्यावर तपासणी झाली, कोलेस्टेरॉल चांगलंच वाढलेलं. डॉक्टर चिडले. "तुम्ही औषधं नीट घेत नाही आणि मग आमच्या नावाने ओरडता." तिने द्राक्षांचा विषय काढलाच नाही. अडाणी म्हणतील म्हणून गप्प बसली. मला हे कळलं ते कितीतरी दिवसांनी, अंगणात शेंगा निवडता निवडता, तेही सहज बोलण्यात.

मूळ इंग्रजी शब्द होता 'ग्रेपफ्रूट'. ग्रेप म्हणजे द्राक्ष खरं, पण ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे. ते मोसंबीच्या घराण्यातलं, मोसंबीपेक्षा मोठं, आंबट-कडवट फळ आहे. झाडाला द्राक्षाच्या घडासारखे घोस लागतात म्हणून तसं नाव पडलं असं सांगतात. अठराव्या शतकात वेस्ट इंडिजमधल्या बार्बाडोस बेटावर गोड संत्रं आणि पपनस यांच्या संकरातून ते जन्माला आलं. तुमच्यापैकी किती जणींनी ते पाहिलंय? एकही हात नाही. मीसुद्धा आयुष्यात दोनदाच खाल्लंय, आणि दोन्ही वेळा साखर मागितली.

म्हणजे जे फळ तिने जन्मात बघितलं नाही, त्याच्या भीतीने तिने स्टेंट बसलेल्या हृदयाची गोळी तीन महिने बंद ठेवली. दोष तिचा नाही, भाच्याचाही नाही. त्याने निदान वाचायची तसदी घेतली! दवाखान्यात, मेडिकलमध्ये, कुणीही तिला तिच्या भाषेत सांगितलं नव्हतं की ही गोळी कशासाठी आणि कशाबरोबर चालते, कशाबरोबर नाही. ती पोकळी मग मोबाईलने भरली.

आता या गोळीबद्दल थोडं. हिचं घराण्याचं नाव स्टॅटिन. अॅटॉर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन, सिम्वास्टॅटिन या सख्ख्या-चुलत बहिणी. पाकिटावर कंपनीचं मोठं नाव काहीही असो, खाली बारीक अक्षरात यातलं एक असतं, शेवटी 'स्टॅटिन' येतं. तीच खूण. अकिरा एंडो नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हजारो बुरशा तपासता तपासता, तांदळावरच्या एका निळसर-हिरव्या बुरशीत या घराण्यातलं पहिलं द्रव्य शोधलं. आपण तांदळाला बुरशी आली की उन्हात घालतो, त्याने प्रयोगशाळेत घातली. १९८७ साली अमेरिकेत पहिली स्टॅटिन गोळी बाजारात आली. आपलं यकृत स्वतःच कोलेस्टेरॉल बनवतं. ही गोळी त्या कामाचा वेग कमी करते. ज्यांना एकदा झटका येऊन गेलाय, स्टेंट आहे, मधुमेह आहे, त्यांना तिचा उपयोग होतो, याबद्दल आता शंका उरलेली नाही. म्हणून आधीच सांगते. आजचं माझं बोलणं ऐकून कुणी घरी जाऊन गोळी बंद केली तर मला फार वाईट वाटेल.

मग ग्रेपफ्रूटची भानगड काय?

आपल्या आतड्याच्या अस्तरात एक नाका आहे असं समजा. औषध पोटातून रक्तात जाताना या नाक्यावर त्यातला बराचसा भाग अडवून मोडून टाकला जातो. डॉक्टर लोक त्या नाकेदाराला 'थ्री-ए-फोर' म्हणतात. सिम्वास्टॅटिनचं उदाहरण घ्या. शंभर भाग गिळले तर नाक्यावर आणि पुढे यकृतात मिळून इतके मोडतात की पाच भागसुद्धा कामाच्या रूपात रक्तात पोचत नाहीत. गोळी किती मिलिग्रॅमची करायची हे ही गळती धरूनच ठरवलेलं असतं. ग्रेपफ्रूटमध्ये अशी काही द्रव्यं आहेत की ती या नाकेदाराला कायमचा जायबंदी करतात. शरीर नवा नाकेदार तयार करतं, पण त्याला एक ते तीन दिवस लागतात. तोवर नाका मोकळा! गोळी तेवढीच गिळली, पण रक्तात पोचली कितीतरी पट. म्हणून 'रस सकाळी घेते, गोळी रात्री घेते' ही युक्ती इथे चालत नाही.

किती पट, ते फिनलंडमधल्या संशोधकांनी १९९८ साली मोजलं. दाट, दुप्पट तीव्रतेचा ग्रेपफ्रूट रस दिवसातून तीनदा दिला, तेव्हा सिम्वास्टॅटिनचं रक्तातलं एकूण प्रमाण सुमारे सोळा पट झालं. असा रस कुणी पीत नाही हे खरं. म्हणून पुढे त्यांनीच रोज साधा एक ग्लास देऊन बघितलं. तरी साडेतीन पटीच्या वर गेलं. अॅटॉर्वास्टॅटिनवर परिणाम होतो, पण बराच कमी. अधूनमधून एखादं फळ खाल्लं म्हणून बिघडत नाही, रोज लिटर-लिटर रस प्यायला तर प्रश्न. रोसुवास्टॅटिन आणि प्रावास्टॅटिन या नाक्यावरून जातच नाहीत, त्यांना फरक पडत नाही.

हा शोध कसा लागला तेही गमतीचं आहे. कॅनडात डेव्हिड बेली नावाचे संशोधक रक्तदाबाच्या फेलोडिपिन या गोळीवर दारूचा काय परिणाम होतो ते बघत होते. दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. औषधाचं रक्तातलं प्रमाण भलतंच वर! दारू बाजूला ठेवून बेलींनी स्वतःवर प्रयोग केला, एकदा पाण्याबरोबर, एकदा रसाबरोबर. गुन्हेगार रसच निघाला. १९९१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. त्यात रस पाजून ज्यांचं रक्त तपासलं ते किती जण होते? सहा. सहाही पुरुष. याकडे मी परत येते.

आधी फळांचा निकाल लावू, नाहीतर आज रात्री घरोघर फळांवर बंदी येईल.

द्राक्षं? या गोळीबरोबर खुशाल खा. शुगर असेल तर मात्र बेताने, पण त्याचं कारण वेगळं. नागपुरी संत्रं? खा. आपल्या बाजारात जालन्याकडून येते ती मोसंबी गोड संत्र्याच्याच जातीची, तिचं भय नाही. भाजीवर, वरणावर लिंबू पिळायला हरकत नाही. डाळिंबाबद्दल, म्हणजे आपल्या संगमनेर-राहात्याकडच्या पिकाबद्दल, प्रयोगशाळेतल्या नळीत शंका आली होती. पण माणसांना रस देऊन त्याच नाक्यावरून जाणारं दुसरं औषध तपासलं तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. आंबा, केळी, पपई, चिकू यांची नावं उगाच कुणी घेतली तर कशावरून म्हणतोस, असं विचारा.

उरलं पपनस. कोकणात परसात असतं, गोव्यात तोरंजन म्हणून गणपतीच्या माटोळीला बांधतात. ते ग्रेपफ्रूटचं आजोळच. त्यात तीच द्रव्यं असतात, जातीप्रमाणे कमी-जास्त. म्हणून सिम्वास्टॅटिन चालू असेल त्या बाईने पपनस रोज खायचं टाळावं आणि डॉक्टरांना विचारावं. सणाला प्रसादाची एक फोड तोंडात टाकली तर घाबरून जाऊ नये. अवयव बदलल्यावरच्या गोळ्या ज्यांना चालू आहेत, त्यांनी मात्र पपनस आणि ग्रेपफ्रूट दोन्ही पूर्ण वर्ज्य समजावं.

रस नेहमी औषध वाढवतोच असंही नाही. संत्र्याचा आणि सफरचंदाचा रस काही औषधं रक्तात शिरूच देत नाही. अॅलर्जीची फेक्सोफेनाडिन, बीपीची अॅटेनोलॉल, या रसाबरोबर घेतल्या तर कमी पोचतात. म्हणून घरात कुणी आजारी असलं आणि आपण मायेने ग्लासभर रस आणि गोळी एकत्र पुढे करतो ना, ते थांबवा. गोळी साध्या पाण्याबरोबर.

शहरातल्या मैत्रिणींसाठी एक सांगते, कारण हे भाषण छापून येणार आहे. ग्रेपफ्रूट आपल्याकडे येतंय ते भूक लागली म्हणून नाही, वजन कमी करायला. हॉलिवूडच्या नट्यांच्या नावाने 'ग्रेपफ्रूट डाएट' गेल्या शतकात १९३० पासून चालू आहे. सकाळी अर्धं फळ, बाकी उपास. २००९ साली 'लॅन्सेट'मध्येच अमेरिकेतल्या एका बेचाळीस वर्षांच्या बाईची हकिगत आली होती. ती गर्भनिरोधक गोळी घेत होती. झटपट बारीक व्हायला तिने तीन दिवस रोज सकाळी ग्रेपफ्रूट खाल्लं, आणि मग मोटारप्रवास केला. पायाच्या शिरेत रक्ताची मोठी गाठ झाली. पाय जातो की काय अशी वेळ आली. तिच्या रक्तात गाठ होण्याचा जन्मजात दोषही होता, म्हणजे फळ एकटं दोषी नव्हतं. पण त्या फळाने गोळीतलं हार्मोन रक्तात वाढतं, हे डॉक्टरांनी कारणांमध्ये धरलं. मूल नको म्हणून गोळी बाईनेच घ्यायची, आणि बारीकही तिनेच दिसायचं! या दोन्ही अपेक्षा तिच्या शरीरात एकमेकींवर आदळल्या. कुणी तिला सांगितलं होतं का, की या दोन गोष्टी एकत्र करू नकोस?

आता आपल्याकडे. इथल्या बाईला ग्रेपफ्रूट मिळत नाही, पण तोच नाका बंद पाडणाऱ्या दुसऱ्या वस्तू मिळतात, आणि त्या मेडिकलमध्ये सुट्ट्या मिळतात. हा माझा खरा मुद्दा आहे, म्हणून जरा सावरून बसा.

हा अनुभव माझा स्वतःचा आहे. मला पाच वर्षं अॅटॉर्वास्टॅटिन चालू आहे. एका पावसाळ्यात मांडीला नायटा उठला. ओल्या कपड्यांत दिवसदिवस वावरणाऱ्या बायकांना तो काय असतो ते मी सांगायला नको. मलम लावलं, जाईना. एका दुकानातून कॅप्सूल घेतल्या, पंधरा दिवसांच्या. चिठ्ठी नव्हती, कुणी मागितली नाही, मीही विचारलं नाही. दहाव्या दिवशी मला जोत्यावरून उठता येईना. दोन्ही मांड्या भरून आलेल्या, जिना चढताना कठड्याला धरून स्वतःला ओढायचं. मी मनाशी म्हटलं, झालं, वय झालं. घरचेही तेच म्हणाले. मी, जी वीस वर्षं आरोग्यावर शिबिरं घेते, तीसुद्धा हेच म्हणाले!

एका डॉक्टर मैत्रिणीचा फोन आला तेव्हा सहज सांगितलं. तिने एकच प्रश्न विचारला, "नवीन काय घेतेस?" नायट्याची कॅप्सूल होती इट्राकोनाझोल. ती तोच थ्री-ए-फोर नाका अडवते, फळापेक्षा जोरात. रक्त तपासलं, स्नायूंची झीज दाखवणारा आकडा वाढलेला. तिने स्टॅटिन काही दिवस थांबवायला सांगितलं, कॅप्सूल बंद करून दुसरं औषध दिलं. तीन-चार आठवड्यांत मी परत जिना चढायला लागले.

इट्राकोनाझोल एकटी नाही. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिक गोळ्या, बीपी-हृदयासाठीच्या डिल्टियाझेम, व्हेरापामिल, या सगळ्या त्या नाक्यावर कमी-जास्त हात मारतात. सिम्वास्टॅटिनबरोबर इट्राकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन द्यायच्याच नाहीत, असं औषधाच्या माहितीत स्पष्ट छापलेलं असतं. पण छापलेलं असतं कुठे? खोक्याच्या आत घडी घातलेल्या कागदावर, मुंगीएवढ्या इंग्रजीत. आणि आपल्या हातात खोकं येतच नाही. कात्रीने कापलेल्या चार गोळ्या येतात, कागदाच्या पुडीत.

हे वाढलेलं औषध करतं काय? फार क्वचित, पण स्नायू विरघळायला लागतात. त्यांचा कचरा मूत्रपिंडात अडकतो. लघवी काळ्या चहासारखी होते. अशी लघवी दिसली, अंगात ताकद उरली नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. उद्यावर टाकायचं नाही. त्याच्या आधीची पायरी असते अंगदुखीची. दोन्ही मांड्या, दोन्ही खांदे, दुखणं आणि कमजोरी.

आणि इथे आपली पंचाईत होते, बायांनो. आवणीच्या दिवसांत कुणाचं अंग दुखत नाही? दिवसभर चिखलात वाकून रोपं लावायची, वरून पाऊस, संध्याकाळी डोक्यावर लाकडं. 'अंग दुखतंय' हे बाईच्या तोंडचं वाक्य घरात कुणाला ऐकूच येत नाही, इतकं रोजचं झालंय. दवाखान्यात गेली तर 'काम जास्त झालं असेल', चाळिशीची असेल तर 'पाळी जायची वेळ आली', आणि काहीच सुचलं नाही तर 'मनाला लावून घेता'. पुरुषाने येऊन मांड्या धरल्या म्हटलं की तपासण्या होतात. तेच बाईने म्हटलं की दुखण्याची गोळी मिळते.

दुसरी बाजू सांगायला हवी, नाहीतर मी अर्धवट बोलले असं होईल. स्टॅटिन घेणाऱ्यांची अंगदुखी बहुतेक वेळा त्या गोळीमुळे नसते. २०२२ साली कितीतरी चाचण्यांमधल्या नोंदी एकत्र करून तपासल्या, तेव्हा खोटी गोळी दिलेल्या लोकांचंही अंग जवळपास तेवढंच दुखत होतं. म्हणजे दर दुखण्याला गोळी जबाबदार नाही. पण बारीक अंगकाठी, वाढतं वय, बाईचं शरीर, मूत्रपिंडाचा त्रास आणि न सापडलेला थायरॉइड, या गोष्टी असतील तिथे धोका जास्त हेही माहीत आहे. थायरॉइडचं तर दुहेरी आहे. तो मंदावला की कोलेस्टेरॉल वाढतं आणि अंगही दुखतं, आणि तो बायकांतच जास्त आढळतो. गोळी सुरू करायच्या आधी थायरॉइड तपासला का, हे विचारायला पैसे पडत नाहीत.

मघाशी सहा पुरुषांकडे परत येते म्हटलं होतं. अमेरिकेच्या औषध खात्याने १९७७ साली असा दंडक घातला होता की मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना नव्या औषधाच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घ्यायचं नाही. कारण काळजीचं होतं, पोटातल्या बाळाला इजा नको. परिणाम असा झाला की बाईला किती मात्रा पुरते हे न बघताच औषधं बाजारात आली. १९९३ साली तो दंडक मागे घेतला. स्टॅटिनचंच बघा. १९९४ सालच्या स्कँडिनेव्हियातल्या गाजलेल्या चाचणीत ४४४४ माणसं होती, त्यांत बायका ८२७. पुढच्या वर्षी स्कॉटलंडची आली, ६५९५ माणसं, बाई एकही नाही. कितीतरी वर्षं 'ही गोळी बायकांना लागू पडते का' यावर डॉक्टर वाद घालत राहिले, कारण बायकांचा आकडाच नव्हता. २०१५ साली २७ चाचण्या एकत्र केल्या तेव्हा कुठे नीट दिसलं की सारखा धोका असेल तर बाईलाही पुरुषाइतकाच फायदा होतो. त्या पावणेदोन लाख लोकांतही बायका होत्या २७ टक्के.

तरुण मुलींनी एवढं लक्षात ठेवा. दिवस राहिले, किंवा राहावेत असं ठरवलं, तर स्टॅटिन चालू आहे हे लगेच डॉक्टरांना सांगायचं. बहुतेकींना ती त्या काळात थांबवतात.

आपल्या चळवळीला हे सगळं नवीन नाही. १९८० च्या दशकात जास्त मात्रेच्या ईपी गोळ्यांविरुद्ध बायकांच्या आणि आरोग्याच्या गटांनी केलेली मोहीम इथल्या जुन्या मैत्रिणींना आठवत असेल. दिवस गेलेत का ते बघायला म्हणून त्या गोळ्या सर्रास देत. बाळाला धोका असू शकतो हे डॉक्टरांच्या पुस्तकांत होतं, गोळी गिळणाऱ्या बाईला माहीत नव्हतं. १९८८ साली बंदी आली. स्टॅटिनची गोष्ट त्याहून वेगळी आहे. हे औषध वाईट नाही, त्यावर बंदी मागायची नाही. मागायचं ते एवढंच, की जी गिळते तिला कळू दे.

कायद्याने काही पावलं पडलीत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली. त्यात पहिलाच हक्क माहितीचा आहे, आणि रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देणं त्यातच येतं. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० मोठ्या ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड, म्हणजे ती काळी चौकट, सक्तीची झाली. चांगलं आहे. पण त्या चौकटीत औषधाचं नाव, कंपनी, बॅच, मुदत एवढंच. कशाबरोबर घेऊ नये ते त्यात नाही, आणि कापलेल्या पट्टीवर चौकट येईलच असंही नाही.

हे समोरचं धरण १९२६ साली पुरं झालं. साहेबाने भिंतीला विल्सनचं नाव दिलं, पाण्याला आर्थरचं. आपण भंडारदराच म्हणत राहिलो. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली, त्या देशी वाण नावानिशी ओळखतात, ओळखून जपतात. आणि तुमच्यातल्या कुणालाही भाताच्या चार जाती समोर ठेवल्या तर दाणा बघून नाव सांगाल. मग गोळ्या का 'लाल', 'पांढरी', 'झोपताना घ्यायची ती'? काल रात्री मी तुमच्यातल्या सात जणींना विचारलं, बीपीची गोळी कुठली? एकीला नाव आलं. ती आशा आहे.

म्हणून दोन दिवसांत हे करू या असं मी सुचवते. प्रत्येकीने आपल्या, सासूच्या, नवऱ्याच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालायच्या. डॉक्टरच्या, मेडिकलच्या, वैदूच्या, शेजारणीने दिलेल्या. काढे आणि चूर्णंसुद्धा. तीही औषधंच आहेत, तीही पोटातच जातात. एकेक गोळी बाहेर काढून वहीत मराठीत नाव लिहायचं, कुणी दिली, कशासाठी, कधीपासून. 'स्टॅटिन' दिसलं तर त्याखाली रेघ. दवाखान्यात जाताना ही वही बरोबर न्यायची आणि नवीन काही दिलं की वही पुढे करून विचारायचं, "हे आणि हे एकत्र चालेल का?" एवढं एक वाक्य. डॉक्टर रागावले तर रागावू देत. आशाताईंना मी वेगळं सांगते, कुणी बाई अंग दुखतं म्हणाली की 'काम जास्त झालं' म्हणायच्या आधी विचारा, गेल्या महिन्यात नवीन काय घेतलंस?

आणि मेडिकलवाल्याला सांगायचं, पट्टी कापायची तर नावाच्या बाजूने कापू नको. हे मी आमच्या गावच्या दुकानात करून घेतलंय. सुरुवातीला तो हसला. आता न सांगता करतो.

ती द्राक्षबागेतली बाई गेल्या हंगामात परत गेली. गोळी चालू ठेवून गेली. येताना माझ्यासाठी चार किलो द्राक्षं घेऊन आली आणि म्हणाली, "खावा ताई, मी बी खाल्ली, गोळीबी खाल्ली."

चहा आलेला दिसतोय. ज्यांनी पिशव्या आणल्यात त्या चहा घेऊन वडाखाली या. बारीक अक्षरं वाचायला मी भिंग आणलंय, आणि दोन चष्मे जादा आहेत.